गाईड सोबत असला तरी काय काय आपल्याकडेच राहतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४४, आठवड्यातून तीन-चार दिवस पळता, दोन-तीन दिवसांचे ट्रेक झालेले आहेत. आता आठ दिवसांचा ट्रेक नक्की केलाय. वाटेत वस्ती नाही, रस्ता नाही, फोनला रेंज नाही. दोन खिंडी ओलांडायच्या, त्यातली दुसरी ४,७०० मीटरची. सामान वाहायला जनावरं नाहीत; तंबू, शिधा, गॅस हे सगळं आठ जणांनी आणि दोन गाईडनी वाटून पाठीवर घ्यायचं. आणि तुम्ही विचारताय, "गाईड आहेत म्हटल्यावर मी फक्त फिटनेस बघितला तर चालेल ना? आणि मी मागे पडलो तर सगळ्यांचा खोळंबा होईल का?"

मी बरीच वर्षं अशाच वाटांवर लोकांना घेऊन जातो, त्यामुळे उत्तर गाईडच्या बाजूने देतो. फिटनेस लागतोच, त्याचं पुढे सांगतो. पण आठ दिवसांच्या अशा ट्रेकवर लोक अडचणीत येतात ते बहुतेक वेळा फिटनेस कमी पडला म्हणून येत नाहीत. कुठल्या गोष्टी गाईडवर सोपवल्या आणि कुठल्या सोपवताच येत नाहीत, याचा हिशेब मनात पक्का नसतो म्हणून येतात. वाट शोधणं, ढग बघून निघायची वेळ ठरवणं, ओढा कुठे ओलांडायचा, तंबू कुठे ठोकायचे, कुठून मागे फिरायचं हे माझं काम. ते खुशाल माझ्यावर सोडा. पण तुमचं डोकं दुखतंय का, टाच चुरचुरतेय का, काल रात्री थंडीने झोप झाली नाही का, हे मला दिसत नाही. आणि माझे निम्मे निर्णय याच माहितीवर उभे असतात. ती तुमच्याकडून उशिरा आली, किंवा गोड करून आली, की चांगला गाईडही चुकीचा निर्णय घेतो.

आता, काय किती लागू पडेल ते परिस्थितीवर आहे. ऋतू कुठला, खिंडीत बर्फ किती, मुक्काम किती उंचीवर, गटातली बाकीची माणसं कशी, यावर बरंच बदलतं. झाडांची हद्द संपल्यावरचा डोंगर सगळीकडे उघडाच असतो; वाऱ्याला आडोसा नाही, वीज कडाडली तर लपायला जागा नाही. पण ती हद्द आल्प्समध्ये साधारण २,००० मीटरच्या आसपास संपते, आणि पूर्व हिमालयात झाडं जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत चढतात. म्हणजे एका ठिकाणी उघड्या माळावर असूनही श्वासाचा त्रास नाही, दुसऱ्या ठिकाणी उघडा माळ आणि विरळ हवा दोन्ही एकदम. तुमची खिंड ४,७०० मीटरची आहे, म्हणून मी दुसरा प्रकार धरून बोलतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ ते ६० टक्के असतो. तुमची ट्रेक-पत्रिका काढा आणि प्रत्येक मुक्कामाची उंची एका खाली एक लिहा. दिवसभरात कितीवर चढलो यापेक्षा झोपलो कितीवर, हे जास्त महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी, हा सर्वमान्य नियम आहे. भूगोलामुळे एखादा मुक्काम ७०० मीटर वर पडला तर आभाळ कोसळत नाही, पण मग त्याच्या आधी किंवा नंतर सबुरीचा दिवस हवा. पत्रिकेत तो नसेल तर आयोजकांना आत्ताच विचारा, ट्रेक सुरू झाल्यावर नको.

उंचीच्या आजाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: फिट माणसाला तो होत नाही. उलट पळणाऱ्या लोकांकडे माझं जास्त लक्ष असतं. त्यांना दम कमी लागतो, ते भराभर चढतात आणि शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला जेवढा वेळ हवा तेवढा मिळत नाही. त्रास लगेच जाणवतही नाही. नव्या उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत, म्हणजे नेमका संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. जेवताना माणूस हसतखेळत असतो आणि पहाटे तंबूतून बाहेर येत नाही.

हे मोजायची एक साधी पद्धत आहे. कॅनडातल्या लेक लुईसला १९९१ साली तज्ज्ञ जमले होते, त्यावरून तिला लेक लुईस गुणपद्धती म्हणतात. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा आणि चक्कर, या चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. पूर्वी त्यात झोप नीट न लागणंही होतं. २०१८ च्या सुधारणेत ते काढून टाकलं, कारण उंचीवर झोप मोडणं आजार नसतानाही होतं. मी रोज सकाळी प्रत्येकाला हे चार आकडे विचारतो. "कसं वाटतंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मस्त." आकडा मागितला की माणूस जरा थांबतो, स्वतःकडे बघतो आणि म्हणतो, "डोकं... एक. नाही, दीड." तो दीडच मला हवा असतो. तुमचा गाईड विचारत नसेल तर तुम्ही आपणहून सांगा.

त्यावरून निर्णय असे होतात. डोकं थोडं दुखतंय, बाकी काही नाही: आहे तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, खायचं आणि डोकं उतरेपर्यंत झोपण्याची उंची वाढवायची नाही. थांबूनही वाढत असेल: खाली. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, तर वाट बघणं संपलं. रात्र असो की पाऊस, त्या माणसाला खाली न्यायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठायला लागलं की औषधं आणि ऑक्सिजन वेळ काढून देतात, पण खरा उपाय उंची उतरणं हाच.

इथे तुमच्या ट्रेकची सगळ्यात नाजूक जागा येते, आणि ती कुठल्याच पत्रिकेत लिहिलेली नसते. दोन खिंडींच्या मध्ये जो खोलगट भाग असतो, तोही बहुतेक वेळा उंचावरच असतो. पहिली खिंड ओलांडेपर्यंत "खाली न्या" म्हणजे आलेल्या वाटेने उतरायचं. खिंड ओलांडली की मागे जायचं तरी चढ, पुढे जायचं तरी चढ. तिसरी वाट दरीच्या तोंडाने खाली उतरत असेल तर नशीब. पुष्कळदा ती घळीत जाऊन अडकते किंवा नदीपाशी संपते. ज्या माणसाला खिंडीच्या अलीकडे दोन तासांत हजार मीटर खाली आणता आलं असतं, त्यालाच पलीकडे आजारी अवस्थेत पुन्हा वर चढवायची वेळ येते. म्हणून पहिल्या खिंडीच्या आदल्या संध्याकाळी मी लोकांशी एकेकट्याने बोलतो. घोळक्यात कोणी खरं सांगत नाही. तुमच्या मनात काही शंका असेल, गुडघा कुरकुरत असेल, पोट दोन दिवस बिघडलेलं असेल, तर ती संध्याकाळ सांगायची शेवटची स्वस्त वेळ. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य सगळ्या गटाला दोन दिवस महागात पडतं.

गुपचूप वेदनाशामक गोळी घेऊन चालत राहणं हे म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतं. गोळी घेण्याला हरकत नाही, घेतली ते सांगा. नाही तर डोकं शून्य असं तुम्ही म्हणणार, मी तुम्हाला खिंडीवर नेणार आणि गोळीचा असर उतरेल तेव्हा आपण पलीकडे असणार. उंचीचा आजार टाळायला देतात ते औषध, अॅसिटाझोलामाइड, घ्यायचं का, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी विचारा, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर तीही सांगा. घ्यायचं ठरलं तर एकदा घरीच घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. हे पहिल्यांदा ४,००० मीटरवर तंबूत कळलं की माणूस उगाच घाबरतो.

पायांचंही असंच. टाचेला गरम लागायला लागलं की तिथे फोड यायला अजून अवकाश असतो. त्या वेळी थांबून बूट काढला, पाय कोरडा केला, चिकटपट्टी लावली, तर चार मिनिटांचं काम. लोक काय करतात, "पुढच्या थांब्याला बघू" म्हणतात. पुढचा थांबा पाऊण तासाने येतो आणि तोवर कातडी सुटलेली असते. मग उरलेले पाच दिवस तो माणूस लंगडतो, लंगडल्यामुळे दुसरा गुडघा धरतो आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, त्याचा तोल जातो. मला चार मिनिटं थांबायला कधीच वाईट वाटत नाही. कुठल्याही जाणत्या गाईडला वाटत नाही. "जरा थांबू या, टाच बघायचीय" एवढं बोला, आणि ट्रेकला निघायच्या आधी नखं कापा. लांब उतारावर अंगठ्याची नखं बुटावर आपटून काळी पडतात.

आता मागे पडण्याचं. एका स्कॉटिश गिर्यारोहकाने, विल्यम नेस्मिथने, १८९२ साली डोंगरातल्या वेळेचा एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा ठोकताळा तब्येतीने धडधाकट, हलकं ओझं असलेल्या माणसाचा. पाठीवर सतरा-अठरा किलो आणि ४,००० मीटरची हवा असली की मी त्या वेळेच्या दीडपट धरतो, घसारा किंवा बर्फ असेल तर दुप्पट. म्हणजे आमच्या आखणीत हळू चालणं आधीच मोजलेलं असतं. चालताना अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, तेवढाच वेग. त्यापेक्षा जोरात चालणारा माणूस दर वीस मिनिटांनी दम खायला थांबतो आणि शेवटी सगळ्यांच्या बरोबरच पोचतो, फक्त जास्त दमून.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला मी रांगेत माझ्या लगेच मागे घेतो. त्याला कारण आहे. शेवटी चालणारा जेव्हा थांब्यावर पोचतो, तेव्हा बाकीचे दहा मिनिटं बसून उठायला लागलेले असतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि तो दिवसभर पळत राहतो. पुढे ठेवलं की वेग त्याचा होतो आणि विश्रांतीही पुरती होते. तुम्हाला कोणी पुढे घेतलं तर त्यात लाज वाटून घेऊ नका, आणि घेतलं नाही तर स्वतः मागा. तसंच ओझ्याचं. तुमच्या वाट्याचा तंबू दुसऱ्याच्या सॅकमध्ये गेला तर तो दान-उपकार नव्हे; सगळा गट संध्याकाळी वेळेत पोचावा म्हणून ओझं हलवलं, इतकंच.

खरं सांगू का, वेळ चालण्यात तितका जात नाही जितका न चालण्यात जातो. सकाळी तंबू आवरताना चाळीस मिनिटं, मग जॅकेट काढायला थांबा, मग घालायला थांबा, मग सॅकच्या तळाशी गेलेली पाण्याची बाटली शोधा. आठ माणसं, प्रत्येकाची पाच मिनिटं. आणि डोंगरात सकाळची वेळ सगळ्यात मोलाची असते. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे उतरलेला असतो, उन्हाने बर्फ वितळलं की दुपारनंतर तोच गुडघ्याचा मांडीवर येतो. पहाटे बर्फ कडक असतं, दुपारी पाय रुततो. उन्हाळ्यात दुपारी ढग उभे राहतात, गडगडाट सुरू होतो. एकदा कडाडलं की शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत धारेवर किंवा खिंडीत जायचं नसतं. सकाळी घालवलेला अर्धा तास म्हणून संध्याकाळी अर्धाच तास राहत नाही. कधी तो ओढ्याच्या या काठावरचा अख्खा मुक्काम होतो. तेव्हा खोळंब्याची काळजी असेल तर पळण्याच्या वेगापेक्षा एक सवय लावा: अंधारात, टॉर्चच्या उजेडात, हातमोजे घालून, वीस मिनिटांत सॅक भरता आली पाहिजे. घरी चार वेळा करून बघा. तुम्ही हळू चालत असाल तरी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार असाल, तर तुमच्यामुळे कोणाचा खोळंबा होणार नाही.

फिटनेसकडे येतो. पळण्याने छाती तयार होते, मांड्या आणि खांदे होत नाहीत. तुमच्या सॅकचं वजन मांडून बघा: शिधा माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम, म्हणजे आठ दिवसांचा सहा किलोच्या आसपास, स्वतःचं सामान आठ-नऊ किलो, सामायिक वाटा दोन-तीन किलो, एक-दोन लिटर पाणी. पहिल्या दिवशी सतरा ते वीस किलो होतं. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला हे जड आहे, आणि पळण्याचा सराव त्याला पुरत नाही. पाठीवर आठ किलो घेऊन चढ-उतार किंवा जिने सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, शेवटच्या महिन्यात पूर्ण वजन दोनदा तरी होऊ द्या. शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस चाला, कारण दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालणं हे वेगळंच कौशल्य आहे. आणि उताराचा सराव मुद्दाम करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलत असतो, त्यामुळे तो चढापेक्षा जास्त फाटतो आणि दुखतो. चांगली गोष्ट ही की दोन-तीन वेळा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका लागत नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र आराम करा; थकलेल्या पायांनी सुरुवात करण्यात शहाणपण नाही.

सामानावर लोक महिनोन्‌महिने बोलतात, मी चार गोष्टींत संपवतो. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. त्यातला 'कम्फर्ट'चा बघा, 'लिमिट'चा नाही, आणि हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते हे धरून हिशेब करा. झोपायचे कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा आणि कितीही भिजलात तरी ते घालून चालू नका. पोकळ धाग्यांचा पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो, बाहेरून काही दिसत नाही. तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, किंवा पाणी सरळ उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. चांगला काळा चष्मा न्या, कारण ताजं बर्फ अतिनील किरणांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजतात.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: मुक्कामांच्या उंचीची यादी करा, सकाळचे चार आकडे खरे सांगा, पहिल्या खिंडीच्या आधी मनातलं बोला, टाच गरम झाली की तिथेच थांबा, आणि सॅक झटपट भरायला शिका. हे तुमच्याकडचं. आता आयोजकांना काय विचारायचं, कारण "सगळं आम्ही बघू" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

पहिलं, गाईडचं प्रशिक्षण. दोर, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे काटे), हिमनदी लागणार असेल तर त्या कामाचा माणूस हवा. पर्वत-मार्गदर्शकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयएफएमजीए, १९६५ पासून आहे आणि त्याचा बिल्ला मिळायला वर्षं जातात. तुमच्या वाटेवर दोर लागत नसेल तर त्या बिल्ल्याचा आग्रह धरायचं कारण नाही. त्यासाठी चालण्याच्या वाटांचे प्रशिक्षित लीडर असतात. पण प्रथमोपचाराचं विचाराच. दुर्गम भागासाठीचा फर्स्ट रिस्पॉन्डर कोर्स ७० ते ८० तासांचा असतो, शहरातल्या एका दिवसाच्या वर्गाशी त्याची बरोबरी होत नाही. आणि माझ्या लेखी बिल्ल्याइतकंच महत्त्वाचं: या ऋतूत, या वाटेवर हा माणूस आधी गेलाय का?

दुसरं, जादा दिवस. आठ दिवसांची वाट आणि आठच दिवसांचा शिधा असेल तर हवामान बिघडल्यावर गाईडसमोर पर्यायच उरत नाही. तो वाईट दिवशीही खिंडीकडे ढकलला जातो. एक दिवस तरी राखीव हवा, आणि त्याचा शिधाही सॅकमध्ये हवा. नुसता कागदावरचा राखीव दिवस उपाशी जातो.

तिसरं, एकाला परत न्यावं लागलं तर काय? तुमच्याकडे दोन गाईड आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, आकडेमोड करा. एक गाईड आजारी माणसाला घेऊन उतरला की उरलेल्या सात जणांकडे एकच गाईड राहिला. आता दुसऱ्या कोणाचा पाय मुरगळला तर सोबत द्यायला कोणी नाही. त्यामुळे पहिली सुटका झाली की पुढे जायचं की सगळ्यांनीच फिरायचं, हे आयोजकांनी आधी ठरवलेलं असायला हवं. मी स्वतः अवघड खिंड शिल्लक असेल तर सगळा गट परत आणतो. यावर लोक नाराज होतात, पैसे भरलेले असतात, रजा काढलेली असते. म्हणून ते ट्रेकच्या आधी, सगळ्यांच्या समोर बोलून घ्यावं लागतं.

चौथं, संपर्क. उपग्रहावर चालणारं काय आहे, ते कोणाच्या सॅकमध्ये असतं आणि दुसऱ्या कोणाला वापरता येतं का? ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन फक्त "मदत हवी, इथे आहोत" एवढंच सांगतो. उपग्रह मेसेंजर किंवा उपग्रह फोनवर काय झालंय तेही सांगता येतं आणि डॉक्टरचा सल्ला मिळतो. काही देशांत अशी उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा स्वतःचं घेऊन जायच्या आधी चौकशी करा. बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं असं समजू नका. उंची, वारा, ढग यांतलं एक जरी आडवं आलं तरी ते येत नाही. विम्यातही उंचीची मर्यादा असते. ४,७०० मीटर तिच्या आत बसतात का ते पॉलिसीत वाचा.

आणि गाईडलाच काही झालं तर? म्हणून रोज रात्री पाच मिनिटं नकाशा बघा. वाट काढता यायलाच हवी असं नाही. आपण कुठे आहोत, पाणी कुठल्या बाजूला, सगळ्यात जवळची उतरायची दिशा कुठली, एवढं आठापैकी दोघांना तरी ठाऊक हवं. डोंगरातली मदतीची एक रूढ खूण आहे: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन.

गाईडशी मतभेद झाला तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते ओघाने येतंच. माझा नियम एकतर्फी आहे. "मागे फिरू या" हे गटातला कोणीही म्हणू शकतो आणि त्याचं ऐकलं जातं, निदान थांबून बोललं जातं. "पुढे जाऊ या" हा निर्णय मात्र फक्त गाईडचा, त्यावर मतदान नाही. तो पुढे नेत असेल आणि तुम्हाला भीती वाटत असेल, तर सरळ विचारा: "काय बघून तुम्ही ठरवताय? कुठल्या वेळेला आपण फिरणार?" चांगल्या गाईडकडे दोन्हीची उत्तरं तयार असतात आणि त्याला ती द्यायला राग येत नाही. जो "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढंच म्हणतो, त्याच्याकडे बहुधा फिरायची वेळ ठरलेलीच नसते.

शेवटी एक काम आजच करा. आयोजकांचा तब्येतीचा फॉर्म पुन्हा उघडा. रक्तदाबाची गोळी, लहानपणचा दमा, पाच वर्षांपूर्वीचं गुडघ्याचं ऑपरेशन, उघड्या कड्यावर पाय लटपटणं, जे आहे ते लिहा. लिहिलं तर नाव कापतील या भीतीने लोक हे गाळतात. कापतात क्वचित, बहुतेकदा गाईड फक्त त्याप्रमाणे आखणी बदलतो, कड्यावर तुमच्या बाजूला चालतो, इनहेलर सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे ना ते बघतो. आणि ट्रेकच्या पहिल्या संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन तेच तोंडीही सांगा. फॉर्म ऑफिसात भरलेला असतो, तो गाईडच्या हातात पडलाच असेल असं नाही.